कोल्हा : शिवाराच्या कडेचा सोनेरी रहिवासी

तिन्हीसांजेनंतर शिवारातून एक ओरड उठते. तिला दुसरा गळा साथ देतो, मग तिसरा. आवाज चढत जातो आणि एकाएकी थांबतो. ही कोल्हेकुई ऐकलेली माणसे खेडोपाडी पुष्कळ आहेत. मात्र ती घालणारा प्राणी भरदिवसा निवांत पाहिलेली माणसे थोडीच असतात. त्यामुळे कोल्ह्याविषयीची आपली बरीचशी माहिती म्हणी, नीतिकथा आणि शकुन-अपशकुनाच्या समजुतींतून आलेली आहे. प्रत्यक्षात हा प्राणी वाघ-बिबट्याप्रमाणे राखीव जंगलांवर अवलंबून नाही. बांध, नाले, नदीकाठची झुडुपे आणि उभी पिके हेच त्याचे घर आहे. त्यामुळे त्याचे भवितव्य अभयारण्यांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, शेतकऱ्याच्या हाती आहे. एरंडोलसारख्या शेतीप्रधान तालुक्यात तर ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

नाव आणि ओळख

कोल्ह्याचे शास्त्रीय नाव कॅनिस ऑरियस असे आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये त्याची या नावाने नोंद केली. 'ऑरियस' या लॅटिन शब्दाचा अर्थ सोनेरी. लांडगा आणि पाळीव कुत्रा हे याच प्रजातीसमूहातले त्याचे जवळचे नातलग होत. संस्कृतात त्याला शृगाल, जंबुक, गोमायु, क्रोष्टा अशी अनेक नावे आहेत. त्यांपैकी 'क्रोष्टा' म्हणजे ओरडणारा. प्राकृतातून आलेला 'कोल्हा' हा शब्दही याच कुळातला मानला जातो. म्हणजे मराठी माणसाने या प्राण्याला नाव दिले ते त्याच्या रूपावरून नव्हे, आवाजावरून. 'शृगाल' या शब्दाचा प्रवास तर आणखी लांबचा आहे. फारसीत तो 'शघाल' झाला, तुर्कीत 'चकाल', फ्रेंचमध्ये 'शकाल' आणि तेथून इंग्रजीत 'जॅकल'.

मराठीत कोल्ह्याच्या ओळखीबाबत एक जुना घोटाळा आहे. इंग्रजी 'फॉक्स' या शब्दाचा अनुवाद पाठ्यपुस्तकांपासून बालसाहित्यापर्यंत सर्रास 'कोल्हा' असा केला जातो. वास्तविक 'फॉक्स' म्हणजे आपल्याकडील खोकड. भारतीय खोकड हा वेगळ्या प्रजातीचा, आकाराने पुष्कळच लहान प्राणी आहे. त्याचे वजन साधारण दोन ते चार किलो भरते, तोंड निमुळते, कान मोठे आणि झुपकेदार शेपटी धडाच्या निम्म्याहून लांब असते. तिचे टोक काळेभोर असते. कोल्हा त्याच्या दुपटी-तिपटीने वजनदार, उंच पायांचा आणि आखूड शेपटीचा असतो. त्याची शेपटी धडाच्या सुमारे एक तृतीयांश लांबीची असते. दुसऱ्या बाजूला लांडगा त्याच्याहून बराच मोठा असतो. पूर्ण वाढलेल्या भारतीय लांडग्याचे वजन साधारणपणे १७ ते २५ किलो असते. तरसाचा पुढचा भाग उंच, पाठ मागे उतरती आणि अंगावर पट्टे असल्याने त्याची गल्लत होण्याचे कारण नाही. तरीही रात्री वाहनाच्या उजेडात क्षणभर दिसलेल्या कोल्ह्याला 'लांडगा' किंवा 'तरस' ठरवून गावभर घबराट पसरल्याचे प्रकार घडतात.

शरीररचना

पूर्ण वाढलेल्या कोल्ह्याच्या डोक्यासह धडाची लांबी ७० ते ८५ सेंटिमीटर, शेपटी २० ते २५ सेंटिमीटर आणि खांद्यापाशी उंची ३८ ते ५० सेंटिमीटर असते. वजन ७ ते ११ किलोच्या दरम्यान भरते. नर मादीपेक्षा किंचित मोठा असतो. परंतु दुरून दोघांतील फरक ओळखता येत नाही.

अंगावरील केसांचा रंग फिकट पिवळसरापासून गडद तपकिरी-सोनेरीपर्यंत असतो. पाठीवर काळे, तपकिरी आणि पांढरे केस मिसळलेले असल्याने तेथे करडी-काळपट झाक दिसते. पाय आणि कानांची मागची बाजू तांबूस, तर गळा व पोट फिकट असते. शेपटीचे टोक गडद तपकिरी किंवा काळे असते. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी आणि हिवाळ्यापूर्वी, केस गळून नवे येतात. हिवाळ्यातील केस दाट व लांब असल्याने त्या दिवसांत कोल्हा अधिक भरदार दिसतो, तर उन्हाळ्यात तोच प्राणी हडकुळा वाटतो.

तोंडात ४२ दात असतात. सुळे लांडग्याच्या मानाने बारीक असले, तरी उंदरापासून हरणाच्या पाडसापर्यंतची शिकार करण्यास ते पुरेसे असतात. दाढा मांस कापणे आणि फळे-धान्य चिरडणे या दोन्ही कामांच्या असतात. मिश्र आहाराचे रहस्य या दातांत आहे. नाक आणि कान अतिशय तीक्ष्ण असतात. गवताखाली हालचाल करणारा उंदीर त्याला आवाजावरून समजतो. मग तो मागच्या पायांवर उसळी घेऊन पुढचे दोन्ही पंजे नेमके त्या जागी टाकतो.

मऊ मातीवरील ठसा पाहूनही कोल्हा ओळखता येतो. त्याच्या पुढच्या पंजातील मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूस एकमेकींना जोडलेल्या असतात. कुत्र्याच्या पंजात त्या सुट्या असतात. शिवाय कोल्ह्याचा ठसा कुत्र्याच्या मानाने अरुंद व लांबट उमटतो आणि त्याच्या वाटेतील पावले बहुधा एका सरळ रेषेत पडतात.

प्रसार आणि अधिवास

आग्नेय युरोप, कॉकेशस, पश्चिम आशिया, भारतीय उपखंड आणि तेथून म्यानमार, थायलंडपर्यंत कोल्ह्याचा प्रसार आहे. पूर्वी उत्तर व पूर्व आफ्रिकेतील प्राण्यांचाही याच जातीत समावेश केला जाई. तथापि, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून आफ्रिकेतील हा प्राणी स्वतंत्र जातीचा असून लांडग्याला अधिक जवळचा असल्याचे स्पष्ट झाले. त्याला आता आफ्रिकी सोनेरी लांडगा म्हटले जाते. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील आफ्रिकेतील निरीक्षणे आपल्या कोल्ह्याला जशीच्या तशी लावता येत नाहीत.

युरोपात गेल्या काही दशकांत कोल्हा झपाट्याने पसरला. डेन्मार्कमध्ये २०१५ मध्ये आणि नॉर्वेमध्ये २०२० मध्ये त्याच्या पहिल्या नोंदी झाल्या. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीतही तो जागतिक पातळीवर 'किमान चिंता' या गटात मोडतो. मात्र भारतातील चित्र सर्वत्र सारखे नाही. झुडपी राने मोडून शेती, वसाहती व उद्योग वाढले, तेथे त्याची संख्या रोडावली आहे.

महाराष्ट्रात किनारपट्टीच्या खारफुटीपासून विदर्भाच्या जंगलांपर्यंत कोल्हा आढळतो. मुंबई आणि नवी मुंबईच्या खाड्यांलगत, उंच इमारतींच्या सावलीतही त्याने तग धरला आहे. खानदेशात तापी, गिरणा, पांझरा, बोरी अशा नद्यांची खोरी आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले हा त्याचा स्वाभाविक मुलूख. एरंडोल शहर अंजनी नदीच्या काठी वसले आहे. तालुक्यातून गिरणाही वाहते. काळ्या जमिनीतील कापूस, मका, ज्वारी, केळी, मधून मधून बाभूळ-बोरीची झुडुपे, पावसाने कापत गेलेल्या घळी आणि पद्मालयाच्या बाजूची वनराई असे हे भूदृश्य कोल्ह्याला सर्व बाजूंनी सोयीचे आहे. त्याला घनदाट जंगल लागत नाही. दिवसभर लपण्यापुरता आडोसा, पिण्यास पाणी आणि उंदीर मिळतील असे शेत एवढे त्याला पुरते. यांपैकी आडोसा गेला, की उरलेल्या दोन गोष्टी असूनही तो तेथून नाहीसा होतो.

आहार

'कोल्हा काकडीला राजी' ही मराठी म्हण क्षुल्लक लाभावर खूश होणाऱ्या माणसाला उद्देशून वापरली जाते. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही ती अचूक आहे. कोल्हा खरोखर मिश्राहारी असून काकडी, टरबूज, मका, ऊस, भुईमुगाच्या शेंगा आवडीने खातो. त्याउलट 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' ही म्हण इसापच्या गोष्टीतून आलेली असून मूळ कथेतील प्राणी खोकडाचा नातलग आहे. पहिली म्हण शिवारातून उगवली, दुसरी पुस्तकातून आली, असे म्हणता येईल.

कोल्ह्याच्या आहाराचा कणा म्हणजे उंदीर-घुशींसारखे कृंतक प्राणी. त्याखेरीज ससे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी व त्यांची अंडी, सरडे, साप, बेडूक, खेकडे, मासे, टोळ, नाकतोडे आणि पावसाळ्याच्या प्रारंभी उडणाऱ्या वाळव्या असे जे ज्या ऋतूत मुबलक असेल ते तो खातो. बोरे, जांभळे, करवंदे, भोकरे ही फळेही त्याला प्रिय असतात. खाल्लेल्या बोरांच्या बिया विष्ठेतून दूरवर पडतात आणि तेथे नवी झाडे रुजतात. बांधावर आपोआप उगवलेल्या एखाद्या बोरीमागे असा अनामिक माळी असू शकतो.

मेलेली जनावरे खाणे हाही त्याचा महत्त्वाचा व्यवसाय. पूर्वी गावाबाहेर टाकलेल्या मृत गुरांवर दिवसा गिधाडे आणि रात्री कोल्हे, तरस येत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाच्या अंशामुळे १९९० च्या दशकापासून गिधाडांची संख्या प्रचंड घटली. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. गिधाडे गेल्यानंतर सफाईचे काम मोठ्या प्रमाणावर भटक्या कुत्र्यांकडे गेले. या बदलाचा फटका कोल्ह्यालाही बसला. कारण एकाच अन्नासाठी त्याला आता कुत्र्यांच्या टोळ्यांशी सामना करावा लागतो.

गुजरातमधील वेळावदरच्या काळवीट राष्ट्रीय उद्यानात कोल्हे नवजात पाडसे पकडतात, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. शेळ्या-मेंढ्यांची लहान करडे-कोकरे आणि कोंबड्याही तो संधी मिळताच उचलतो. मोठ्या जनावरांवर किंवा माणसावर स्वतःहून चाल करून जाणे निरोगी कोल्ह्याच्या स्वभावात नाही.

कुटुंब आणि कोल्हेकुई

कोल्ह्याच्या समाजाचा पाया म्हणजे नर-मादीची जोडी. ही जोडी सहसा दीर्घकाळ टिकते. दोघे मिळून आपले क्षेत्र राखतात, मूत्र व विष्ठेच्या खुणांनी त्याच्या सीमा आखतात आणि पुष्कळदा शिकारही एकत्र करतात. विष्ठा दगडावर किंवा गवताच्या उंचवट्यावर अशी टाकलेली असते, की परक्या कोल्ह्याला तिचा वास सहज यावा. आदल्या विणीतील एखाद-दुसरे पिल्लू मोठे होऊनही आई-बापांजवळ राहते आणि धाकट्या भावंडांना वाढवण्यास हातभार लावते. अन्न मुबलक असेल तेथे अनेक कुटुंबे जवळजवळ नांदतात. अन्न विरळ असेल तेथे क्षेत्रे विस्तारतात.

कोल्हेकुईला अपशकुन मानले गेले असले, तरी तिचे प्रयोजन अगदी व्यावहारिक आहे. कुटुंबातील सदस्य विखुरलेले असताना परस्परांचा ठावठिकाणा कळवणे, जोडीचे नाते दृढ करणे आणि शेजारच्या कुटुंबाला 'हे क्षेत्र व्यापलेले आहे' असे बजावणे ही तिची तीन कामे. विणीच्या हंगामात ती अधिक ऐकू येते. एका कुटुंबाने सुरुवात केली, की दुसरे उत्तर देते आणि आवाजाची लाट शिवारभर फिरते. दोन-तीन कोल्हे स्वर इतक्या वेगाने बदलतात, की ऐकणाऱ्याला दहा-बारांचा कळप असल्याचा भास होतो. गाडीच्या भोंग्यालाही ते कधी कधी साद देतात. या सवयीचा उपयोग अभ्यासकही करतात: ध्वनिमुद्रित कोल्हेकुई ऐकवून मिळणाऱ्या उत्तरांवरून एखाद्या प्रदेशातील कुटुंबांचा अंदाज बांधला जातो.

याखेरीज भीतीचा एक वेगळाच, एकसुरी आवाज असतो. वाघासारखा मोठा शिकारी दिसला, की कोल्हा तो काढतो. वाघाच्या मागावर राहून त्याच्या शिकारीतील उष्टे खाणाऱ्या एकट्या कोल्ह्याला जुन्या बोलीत 'भालू' म्हणत. भालू ओरडली म्हणजे वाघ जवळ आहे, असा रानात वावरणाऱ्यांचा समज असे.

जीवनचक्र : शेतीच्या पंचांगाशी जुळलेले

भारतात वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत कोल्ह्याची पिल्ले जन्मल्याच्या नोंदी आहेत. तथापि मीलनाचा मुख्य काळ फेब्रुवारी-मार्च, म्हणजे साधारणपणे माघ-फाल्गुन असतो. या दिवसांत रब्बीची पिके उभी असतात आणि कोल्हेकुई जोरात असते. गर्भधारणेचा काळ सुमारे ६० ते ६३ दिवसांचा असतो.

विण्यापूर्वी मादी बीळ निवडते. नाल्याच्या उभ्या काठात, जुन्या बांधाच्या पोटात, घळीत किंवा झुडुपाच्या मुळाशी ते असते. साळिंदर किंवा खोकडाने सोडून दिलेले बीळ मोठे करून घेण्याची रीतही आढळते. बीळ दोन ते तीन मीटर लांब असून त्याला एक ते तीन तोंडे असतात. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या बराच वर जातो. अशा वेळी जमिनीखालचा गारवा नवजात पिल्लांसाठी अत्यावश्यक ठरतो.

आखाजीच्या आगेमागे खानदेशात माहेरवाशिणी घरी येतात, झोके बांधले जातात, त्याच सुमारास नाल्याच्या काठी कोल्हीण पिल्लांना पाजत असते. एका वेळी बहुधा तीन ते सहा पिल्ले होतात. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले, केस मऊ व करडे-तपकिरी आणि वजन जेमतेम २०० ग्रॅम असते. आठ ते अकरा दिवसांत डोळे उघडतात आणि दोन-चार दिवसांच्या फरकाने कानही ताठ उभे राहतात. अकराव्या दिवसाच्या सुमारास दुधाचे दात दिसू लागतात. तिसऱ्या आठवड्यापासून आई-बाप अर्धवट पचलेले अन्न ओकून त्यांना भरवू लागतात. महिन्याभराने केसांचा रंग तांबूस होतो आणि वजन अर्ध्या किलोच्या पुढे जाते. दूध सुटण्यास दोन ते अडीच महिने लागतात.

या काळात नर अन्न आणतो, पहारा देतो आणि संकट दिसताच इशारा करतो. माणसाचा किंवा कुत्र्याचा वावर जाणवला, की मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या बिळात हलवते. शेतात सापडलेली, 'अनाथ' वाटणारी पिल्ले बहुतेक वेळा अनाथ नसतात. त्यांची आई जवळच दबा धरून माणूस निघून जाण्याची वाट पाहत असते.

मृगाचा पाऊस पडून पेरण्या होतात, तेव्हा पिल्ले बिळाबाहेर खेळू लागलेली असतात. कीटक आणि बेडूक यांची या दिवसांत रेलचेल असते. पहिली शिकार शिकण्यासाठी याहून सोपे भक्ष्य नाही. श्रावण-भाद्रपदात कापूस आणि मका कमरेला लागेपर्यंत पिल्ले चार महिन्यांची, तीन किलोच्या आसपास वजनाची होतात आणि उभ्या पिकात त्यांना आयता आडोसा मिळतो. पाच महिन्यांत कायमचे दात पूर्ण येतात. दिवाळीनंतर पिके निघून शिवार मोकळे होते. तेव्हा ती जवळजवळ पूर्ण वाढलेली असतात. वर्षाच्या आत-बाहेर ती प्रजननक्षम होतात. त्यानंतर काही जण नव्या क्षेत्राच्या शोधात बाहेर पडतात, तर काही कुटुंबातच थांबतात. निसर्गात कोल्हा आठ-नऊ वर्षे जगतो; बंदिवासात तो पंधरा वर्षांच्या आसपास जगल्याची उदाहरणे आहेत. पहिले वर्ष मात्र सर्वांत खडतर असते.

कथांतील कोल्हा

एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी स्थानिक परंपरा आहे. येथील पांडववाडा आणि जवळच्या पद्मालय परिसरातील भीमकुंड यांच्याशी ती जोडली जाते. पांडव एकचक्रेला आले ते लाक्षागृहातून सुटून. महाभारताच्या प्रचलित पाठांत या लाक्षागृहाच्या कथेच्या तोंडीच कणिक नावाचा मंत्री धृतराष्ट्राला एका कोल्ह्याची गोष्ट सांगतो. वाघ, उंदीर, लांडगा आणि मुंगूस या चार मित्रांच्या मदतीने कोल्हा हरीण मिळवतो आणि मग एकेकाला युक्तीने दूर करून सारे मांस एकटाच खातो. शांतिपर्वात गिधाड आणि कोल्हा यांचा स्मशानातील संवाद आहे. मृत बालकाच्या आप्तांना गिधाड म्हणते, दिवस आहे तोवर घरी जा. कोल्हा म्हणतो, अंधार पडेपर्यंत थांबा. दोघांच्या उपदेशामागे स्वतःच्या जेवणाची वेळ आहे. गिधाड दिवसा खाते, कोल्हा रात्री, हे निरीक्षण या कथेमागे स्पष्ट दिसते.

पंचतंत्रातील करटक व दमनक हे मंत्री कोल्हेच. निळीच्या पिंपात पडून राजा झालेला आणि इतरांची कोल्हेकुई ऐकताच स्वतःही ओरडून उघडा पडलेला चंडरव हाही कोल्हाच. पंचतंत्र पहलवीमार्गे आठव्या शतकात अरबीत गेले, तेव्हा ग्रंथाचे नावच या दोन कोल्ह्यांवरून 'कलीला व दिम्ना' असे पडले. कथांनी कोल्ह्याला धूर्त ठरवले. प्रत्यक्षात ज्याला धूर्तपणा म्हटले जाते तो माणसाच्या अगदी जवळ राहून नजरेस न पडण्याचा सावधपणा आहे.

शेतकऱ्याचा हिशेब

कोल्हा शेतकऱ्याचे नुकसान करत नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. मक्याची कणसे, भुईमूग, टरबुजे, ऊस यांची नासधूस तो करतो. कोंबड्या व करडेही नेतो. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. उंदीर-घुशी पिकाचे नुकसान पेरणीपासून साठवणीपर्यंत करतात आणि कोल्ह्याचे मुख्य भक्ष्य तेच आहेत. सर्बियातील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या एका देशात कोल्हे वर्षाला सुमारे ३,७०० टन मृत जनावरांचे अवशेष आणि १ कोटी ३२ लाख उपद्रवी कृंतक फस्त करतात. संपूर्ण युरोपसाठी त्यांनी हा अंदाज १३,००० टन आणि १५ कोटी ८० लाख कृंतक असा मांडला. खानदेशातील परिस्थिती वेगळी असल्याने हे आकडे येथे लावता येणार नाहीत; मात्र काम तेच आहे. हा रखवालदार मजुरी मागत नाही आणि त्याला विषारी गोळ्याही लागत नाहीत. उलट उंदरांसाठी टाकलेल्या विषाने मेलेले उंदीर खाऊन तोच दगावण्याची भीती असते.

नुकसान कमी करण्याचे उपाय साधे आहेत. कोंबड्या व करडे रात्री पक्क्या खुराड्यात वा जाळीच्या गोठ्यात बांधणे, मेलेली कोंबडी किंवा जनावर उघड्यावर न टाकता पुरणे, आणि शेंगा-टरबुजे तयार होण्याच्या पंधरवड्यात रात्रीची राखण ठेवणे. कुंपणात घरगुती वीजप्रवाह सोडणे हा गुन्हा आहे. त्यात कोल्ह्यांबरोबर गुरे आणि माणसेही मरतात.

धोके आणि कायदा

कोल्ह्यावरील पहिले संकट म्हणजे आडोसा नाहीसा होणे. नाले सरळ करताना काठावरील झुडुपे काढली जातात, बांध अरुंद होतात, घळी बुजवून सपाट केल्या जातात. दुसरे संकट रस्त्यांचे. एरंडोलवरून जाणारा सुरत–नागपूर राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला आणि वाहनांचा वेगही वाढला. असा रस्ता रात्री ओलांडताना कोल्हा चिरडला जाण्याचा धोका मोठा असतो. कठडा नसलेल्या विहिरी हे खानदेशातील तिसरे संकट. अंधारात पाठलाग करताना प्राणी त्यांत पडतात. रानडुकरांसाठी लावलेले फास आणि स्फोटक आमिषे कोल्ह्यांचेही बळी घेतात.

भटक्या कुत्र्यांकडून होणारा संसर्ग हा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. डिस्टेंपर आणि रेबीज हे रोग कुत्र्यांकडून कोल्ह्यांत व कोल्ह्यांकडून पुन्हा कुत्र्यांत व माणसांत येऊ शकतात. २०२४ मध्ये मुंबईच्या चेंबूर-मानखुर्द परिसरात मृत कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज आढळला होता. दिवसाढवळ्या माणसांत बिनधास्त शिरणारा, अंगावर धावून येणारा, लाळ गळणारा कोल्हा आजारी समजावा. त्याने चावा घेतल्यास जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रुग्णालयात जाऊन रेबीजची लस पूर्ण मात्रेत घ्यावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने इम्युनोग्लोब्युलिनचीही गरज लागते. हळद, चुना, मिरची असे काहीही जखमेवर लावू नये. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. गावातील कुत्र्यांचे नियमित लसीकरण हा माणूस आणि कोल्हा या दोघांच्याही रक्षणाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

अंधश्रद्धेनेही कोल्ह्याचे बळी घेतले आहेत. 'कोल्ह्याचे शिंग' जवळ ठेवल्याने धनलाभ होतो, या समजुतीपोटी केसाळ गोळे विकले जातात. कोल्ह्याला शिंग नसते. विकली जाणारी वस्तू बहुधा कातडी व केस यांपासून बनवलेली असते आणि ती विकणे-बाळगणे गुन्हा ठरू शकतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून तीनुसार कोल्ह्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत आहे. त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. दुसऱ्या बाजूने, ज्या वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात माणूस जखमी वा मृत झाल्यास राज्य शासन अर्थसाहाय्य देते, त्या यादीत कोल्हाही आहे. त्यामुळे अशी घटना घडल्यास वन विभागाला त्वरित कळवून पंचनामा करून घेणे हिताचे असते.

पिल्ले सापडली तर

कापणीच्या किंवा नांगरणीच्या वेळी पिल्ले आढळल्यास त्यांना हात लावू नये, घरी आणू नये, दूध पाजू नये. तेवढा पट्टा सोडून काम पुढे न्यावे, कुत्री बांधून ठेवावीत आणि रात्रभर ती जागा मोकळी राहू द्यावी. बहुतेक वेळा सकाळपर्यंत मादी पिल्ले हलवते. दुसऱ्या दिवशीही ती तेथेच असतील, किंवा प्राणी विहिरीत पडला वा जखमी झाला असेल, तर वन विभागाच्या १९२६ या मदतवाहिनीला अथवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे. विहिरीवर कठडा बांधणे, नाल्याच्या काठाची दोन-चार मीटर झुडुपे राखणे आणि जुन्या बांधातील बीळ न बुजवणे यासाठी फारसा खर्च येत नाही. कोल्ह्याला अभयारण्याची गरज नाही. त्याला शेताच्या कडेचा हा अरुंद पट्टा पुरतो. तो राहिला, तर पुढच्या आखाजीलाही नाल्याच्या काठी पिल्ले असतील.